गाडी गप्प करायची होती

दुसरबीडहून जालन्याला जाताना माझा बाप माझ्याशी काहीतरी बोलायचा आणि ते मला ऐकू यायचं नाही. अडचण एवढीच होती. या एवढ्याशा अडचणीपायी एका चालत्या गाडीची मी अशी दशा केली की गल्लीतली कुत्रीसुद्धा तिच्या चाकावर तंगडी वर करायची थांबली. त्यांनाही काहीतरी वाटलं असणार.

बापाचं नाव इंद्रभान. एस.टी.त तीस वर्षं ड्रायव्हर. 'वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये' ही पाटी तीस वर्षं त्यांच्या डोक्याशेजारी ठोकलेली होती. ड्युटी सुटल्यावर ती तिथंच सोडून घरी यायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. माझं शिक्षण, माझं लग्न, आईचं दुखणं, सगळं त्यांनी दोन शब्दांत निपटवलं. एक 'पाहू' आणि दुसरा 'नाई'. आई गेल्यावर तर आमच्या घरात कुकर तेवढा बोलायचा.

मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. दवाखान्यात मशीनखाली विजेचे शेक दिले. गाठ बरीच बसली, पण गाठीसोबत आवाजही बसला. आता त्यांच्या तोंडातून शब्द निघत नाही, वारा निघतो. सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह सैल झाल्यावर निघतो तसा. पुढं दर एकवीस दिवसांनी सलाईनमधून औषध घ्यायला जालन्याच्या दवाखान्यात जायचं ठरलं. डॉक्टर म्हणाला, सहा खेपा, मग पाहू. बसमध्ये त्यांना बसवत नव्हतं म्हणून मी एक जुनी गाडी घेतली. आणि ज्या माणसानं उभ्या जन्मात मला 'जेवला का' असं विचारलं नाही, तो माणूस त्या गाडीत माझ्या शेजारी बसून बोलायला लागला.

फक्त गाडीत. घरी आलं की परत भिंतीकडं तोंड. येताना औषधानं गळून झोपायचे, म्हणजे बोलणं फक्त जातानाचं. मी पुष्कळ विचार केला तेव्हा कारण सापडलं. आयुष्यात पहिल्यांदा ते चालकाच्या सीटवर नव्हते. पाटी आता माझ्या डोक्याशेजारी होती, आणि ती पाळायची नाही हे प्रवाशाला कोणी शिकवावं लागत नाही.

सिंदखेडराजा मागं पडलं की ते सीटवर सरळ व्हायचे, घसा ओला करायचे आणि ओठ हलवायचे. मला काय ऐकू यायचं? घर्रर्र. आमच्याकडं दोन प्रकारचे रस्ते आहेत. डांबराचा असेल तर खड्डे आणि सिमेंटचा असेल तर घरघर. सिमेंटवर म्हणे मुद्दाम आडव्या रेघा ओढतात, चाक घसरू नये म्हणून. चाक घसरत नाही, हे मान्य. पण तासभर डोक्यात पिठाची गिरणी चालते त्याचं काय? ते कुठल्याच नकाशावर लिहिलेलं नसतं.

तर बाबा ओठ हलवायचे आणि मी म्हणायचो, "हाव बाबा."

आता कोणी शहाणा विचारेल, काय म्हणता ते परत विचारायचं ना. विचारणाऱ्यानं आमच्या घरात चार दिवस राहून पाहावं. आमच्यात वडीलधाऱ्या माणसाला एकच गोष्ट दोनदा बोलायला लावत नाहीत. लावली तर त्याचा अर्थ, पोराचं लक्ष नव्हतं. त्यात डॉक्टरनं सांगितलेलं, गळ्याला ताण नको. मग त्यांच्या तोंडाकडं पाहायचं, मान हलवायची आणि 'हाव' म्हणायचं. पहिल्या खेपेला तीनदा म्हणालो. तिसऱ्या 'हाव'नंतर त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी मान टेकवली आणि डोळे मिटले. दवाखान्यासमोर गाडी थांबली तेव्हा डोळे उघडून त्यांनी आधी इमारतीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी ते दुखण्यावर घातलं.

पण रात्रंदिवस डोक्यात एकच. काय बोलत असतील? मला वाटे, हा माणूस आयुष्यभर गिळलेलं आता बाहेर काढतोय. आईबद्दल असेल. माझ्याबद्दल असेल. मी दहावीला पहिला आलो तेव्हा ते 'पाहू' म्हणाले होते, त्याबद्दल असेल. सहा खेपा, त्यातली एक गेली. म्हणजे बापाचं बोलणं ऐकायला माझ्या हातात पाच प्रवास, आणि मध्ये ही घरघर.

"गाडी उभी करून ऐका ना मंग," सारिका म्हणाली. माझ्या बायकोला प्रत्येक गोष्टीवर सरळ उपाय सुचतो, म्हणूनच आमची भांडणं होतात.

दुसऱ्या खेपेला मी गाडी कडेला घेतली. बाबांनी ताबडतोब तोंड मिटलं.

"काऊन थांबला?" हे मात्र उभ्या गाडीत स्वच्छ ऐकू आलं. "पंक्चर हाय का?"

"नाही बाबा. तुमी बोला ना."

"मंग चाल ना. टाइम होऊन राह्यला."

रस्त्यात विनाकारण उभी केलेली गाडी म्हणजे त्यांच्या लेखी डेपोतून मेमो. चाक फिरल्याशिवाय ते बोलणार नाहीत आणि चाक फिरल्यावर मला ऐकू येणार नाही.

त्या खेपेला निघण्याआधीच उत्तमरावही मध्ये पडले होते. आमचे शेजारी. निवृत्त ग्रामसेवक. निवृत्त झाल्यापासून ते सल्ला देतात. त्याआधी दाखला देत होते, पण तो इतक्या सहज मिळत नव्हता. त्यांनी स्वतः जाऊन शाळेची पाटी आणि खडू आणला. "लिहून सांगू द्या त्याईले. गळ्याले आराम."

बाबांनी पाटी मांडीवर घेतली, खडूनं सावकाश काहीतरी लिहिलं आणि परत केली. पाटीवर होतं, 'मी पहिलीत हाओ का?'

उत्तमरावांना राग आला नाही. सल्ला देणाऱ्याला राग येत नसतो, त्याच्याजवळ दुसरा सल्ला असतो. ते म्हणाले, "अश्वजितराव, मंग गाडीच गप्प करा. मेहकरले माह्या साडूच्या पोरानं गाण्याची खोली केली. भितीले अंड्याचे ट्रे ठोकले. आत बँड वाजला तरी बाहेर मुंगीले समजत नाई."

मी शाळेत प्रयोगशाळा परिचर आहे. काचेच्या हंडीत घंटा वाजवायची, पंपानं हवा काढायची आणि पोरांना म्हणायचं, बघा, घंटा हलते पण आवाज नाही. हा प्रयोग मी बावीस वर्षं मांडतो. शिकवतात सर; मांडतो आणि नंतर पुसतो मी. त्यामुळं ध्वनी या विषयात माझ्यावर कोणी शंका घ्यायची नाही, असं माझं तेव्हा मत होतं. अंड्याच्या ट्रेमध्ये शास्त्र आहे हे मला लगेच पटलं. खड्डे खड्डे असतात, त्यात आवाज अडकतो. असं माझ्या मनानं मला सांगितलं आणि मी ते ऐकलं. मनाला काय, त्याला घरघर आडवी येत नाही.

पोल्ट्रीवाल्याकडून ट्रे आणले. छताला, दारांना, मागच्या सीटच्या पाठीला, सगळीकडं सरसानं चिकटवले. आतून गाडी कोंबड्यांच्या खुराड्यासारखी दिसायला लागली आणि दोन दिवसांच्या उन्हानंतर वासही तसाच यायला लागला. सिंधूताई समोरच्या ओट्यावरून सारिकाला म्हणाल्या, "अवो, अंड्याचा धंदा टाकला का? सांगाचं ना, आमी तुमच्याचकडून घेतले असते."

ही सगळी सजावट त्या दुसऱ्याच खेपेला सोबत होती. घरघर तसूभरही कमी झाली नाही. पहिल्या गतिरोधकावर छताचा एक ट्रे सुटला आणि बाबांच्या डोक्यावर टोपीसारखा बसला. त्यांनी तो काढला नाही. मी हात पुढं केला तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. डोक्यावर ट्रे घेऊन ते पुढं पाहत राहिले आणि तशाच अवस्थेत ओठ हलवून माझ्याशी बोलले. मी काय केलं असेल? मी म्हणालो, "हाव बाबा." बापाच्या डोक्यावर अंड्याचा ट्रे आणि पोरगं मान हलवतंय. जालन्यात गेटवरच्या वॉचमननं ट्रेकडं पाहिलं आणि नम्रपणे विचारलं, "घरपोच देता का?"

या देशात आजारी माणसाच्या नातेवाइकाला कोणीही काहीही विचारू शकतं.

दुसरी चूक माझी एकट्याची. उत्तमरावांचा त्यात हात नव्हता, असं त्यांनी नंतर गावभर सांगितलंच आहे. मोबाइलवर मी पाहिलं होतं की गाडीच्या पत्र्याला आतून एक शीट चिकटवतात. वरून चांदीसारखी, खालून काळी. पत्रा थरथरतो म्हणून आवाज होतो. शीट लावली की पत्रा जड होतो आणि थरथर मरते. शास्त्र बरोबर होतं. शास्त्र माझं नेहमीच बरोबर असतं. ती शीट इकडं मिळत नाही म्हणून मी हार्डवेअरच्या दुकानात विचारलं. दुकानदारानं एक गुंडाळी काउंटरवर आपटली. स्लॅब गळू नये म्हणून लावतात ती डांबरी पट्टी. वरून चांदी, खालून काळी.

"हेच का ते?" मी विचारलं.

"सख्ख्या बहिणी," तो म्हणाला.

एप्रिल होता. आमच्याकडच्या एप्रिलमध्ये पत्र्यावर हात ठेवून दाखवावा कोणीही. मी छतभर, दारांच्या आत, पायाखाली डांबर चिकटवलं, वरून आतलं कापड परत ओढलं आणि तिसऱ्या खेपेला निघालो. घरघर कमी झाली होती! खरं सांगतो, निम्मी झाली होती. दहा किलोमीटर मी जगातला सगळ्यात हुशार परिचर होतो. मग वास आला. नवीन रस्ता करताना येतो तो वास, पण बंद डब्यात. मग छताच्या कापडातून काळे थेंब यायला लागले.

त्या खेपेला बाबा बोलले नाहीत. खोकले. भाजलेल्या गळ्यानं ते दवाखान्यापर्यंत खोकत राहिले. मी काचा खाली केल्या, तशी सगळी घरघर आत आली आणि वास मात्र बाहेर गेला नाही. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर काळे ओघळ. नर्सनं सदरा पाहिला आणि तिचा आवाज बदलला. "बाबांना काळी उलटी झाली का? संडासला काळं होतं का?" दोघे जण धावत आले, स्ट्रेचर आलं, तपासणीला रक्त गेलं. मी प्रत्येकाला सांगत होतो, डांबर आहे. 'डांबर' हा शब्द दवाखान्यात कोणाच्या कानात शिरत नाही. दोन तासांनी डॉक्टरनं सदऱ्याचा वास घेतला आणि माझ्याकडं पाहिलं.

"तुम्ही शिकलेले दिसता," तो म्हणाला.

"मी प्रयोगशाळेत असतो."

"असं," तो म्हणाला. त्या 'असं'ची जखम अजून ओली आहे.

पण ते जाऊ द्या. माझा अपमान पचवायची मला सवय आहे. सहातली एक खेप मी डांबरात बुडवली होती, ते पचेना. घरी आल्यावर सारिकानं सदरा तीनदा रॉकेलमध्ये धुतला. शेवटी दोरीवर टाकताना म्हणाली, "त्याईले काय सांगाचं हाय ते मी इचारू का?"

"नको," मी म्हणालो. कारण विचारलं असतं तर पहिल्यांदा हे उघडं पडलं असतं, की ज्या गोष्टीला मी आतापर्यंत पाच-सहा वेळा 'हाव' म्हणालो ती मला ठाऊकच नाही. बापाला फसवलं हे कबूल करण्यापेक्षा गाडी फोडलेली बरी. माणसाची इज्जत अशीच कुठंतरी अडकते आणि मग तिच्याभोवती माणूस खर्ची पडतो.

देऊळगावराजाला शेखरचं गाड्या सजवायचं दुकान आहे. त्यानं दार उघडून आत पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"हे कोणी केलं?"

"एक ओळखीचा आहे."

"त्याले गाडीपाशी येऊ देत नका जाऊ भाऊ."

एक दिवस त्याचा डांबर खरवडण्यात गेला. मग त्यानं खरी शीट दाखवली. बुटाईल म्हणतात. चिकट रबराचा थर, त्यावर चांदीचा कागद. गरम हवा मारायची आणि लोखंडी रोलरनं दाबत न्यायचं. उन्हात वितळत नाही, वास नाही. एका दाराला लावून त्यानं पत्र्यावर बोट आपटलं. दुसऱ्या दाराचा आवाज 'ठण्ण', याचा 'धप्प'. त्या 'धप्प'नं माझ्या डोळ्यात पाणी आलं. हसायचं असेल त्यानं हसावं.

चौथ्या खेपेच्या आधी दारं आणि छत झालं, खालचं राहिलं. क्लिपा कमी पडल्या म्हणून दारांची आतली झाकणं जरा ढिली होती; कडेनं चांदी दिसायची. आणि आवाज? मोठी घरघर बरीच मेली, तर तिच्याआड लपलेले बाकीचे उठले. डॅशबोर्डमध्ये कुठंतरी टिकटिक. मागं कुरकुर. दाराच्या रबरातून शिट्टी. मी शेखरला फोन केला तर तो म्हणाला, "भाऊ, आवाज संपत नसते. एक मेला का त्याच्या मांगचा उभा राह्यते." तरी त्या दिवशी बाबांचा आवाज, म्हणजे वारा, मला पहिल्यांदा वेगळा ओळखू आला. शब्द नाही, पण तो त्यांचा आहे एवढं. शेवटी 'ले' होतं. कुठंतरी 'ले'. कोणाला? कशाला? मी कान तिकडं केला आणि तेवढ्यात पुढं नाका लागला.

कुठला नाका ते लिहीत नाही. बाहेरून गुटखा येतो म्हणून तपासणी होती. पोलीस वाकून म्हणाला, "कुठं निघालात?" तोपर्यंत ठीक होतं. मग त्यानं पुढच्या काचेवरचं 'जय भीम' वाचलं आणि 'निघालात'चं 'निघाला बे' झालं. हे मी पुष्कळदा पाहिलंय. काचेवरचे ते दोन शब्द काढून टाक म्हणणारेही भेटतात. काढणार नाही.

त्याला दाराच्या कडेची चांदी दिसली.

"हे काय भरलं आत?"

"आवाज बंद करायची शीट आहे."

"कोणाचा आवाज?"

"रस्त्याचा."

त्यानं दुसऱ्याला हाक मारली. "इकडं ये. हा रस्त्याचा आवाज बंद करून राह्यला." मग दोघं मिळून हसले, आणि हसून झाल्यावर त्यांनी पेचकस काढला. दारांची झाकणं उखडली. गुटखा नव्हता. शीटच्या मागं असेल म्हणून शीट सोलली. मी म्हणालो, पेशंट आहे, दवाखान्याची वेळ आहे, कागद दाखवतो. कागद पाहायची घाई कोणाला नव्हती.

"आतून आवाज बाहेर जाऊ नये म्हणून केलं का बे हे?" पहिला म्हणाला. आता त्याच्या डोक्यात गुटखा राहिला नव्हता, मोठं काहीतरी आलं होतं. तो बाबांच्या बाजूला गेला. "बाबा, हा कोण होय तुमचा?"

बाबांचे ओठ हलले. वारा निघाला.

"मोठ्यानं बोला. यानं धमकी दिली का?"

मी ओरडलो, "त्यांना बोलता येत नाही!" त्याचा परिणाम जो व्हायचा तोच झाला. दुसऱ्यानं माझा दंड धरला.

मग पहिला पोलीस खाली वाकला. टोपी काढली आणि स्वतःचा कान माझ्या बापाच्या तोंडाला लावला. ट्रक जात होते, हॉर्न वाजत होते, आणि तो तसाच वाकून उभा होता. एक मिनिट असेल. बाबा बोलत होते, तो ऐकत होता, मध्येच त्यानं मान हलवली. सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा वेगळा होता. त्यानं टोपी घातली, दुसऱ्याला खूण केली, उखडलेलं झाकण स्वतः उचलून मागच्या सीटवर ठेवलं आणि माझ्याकडं न पाहता म्हणाला, "जा. अन् म्हातारं काय म्हणते ते आयकत जा जरा."

ज्यानं मला 'बे' म्हटलं त्यानं माझ्या बापाचं ऐकलं होतं. मी ऐकलं नव्हतं. मी काय करायला हवं होतं, उतरून त्याला विचारायचं, साहेब, माझा बाप काय म्हणाला? इतका खाली मी अजून आलो नव्हतो. झाकणं उखडलेल्या दारांची गाडी खडखडत मी जालन्याला नेली. वाटेत बाबा परत ओठ हलवत होते. मी 'हाव' म्हणालो नाही असं नाही.

त्या दिवशी डॉक्टरनं मला बाजूला बोलावलं. गाठ आणखी लहान झाली होती. "माणूस चिवट आहे," तो म्हणाला. "सहा पुरे करू. कदाचित आणखी दोन लागतील, पण गुण येतोय." मी तिथंच जिन्यात बसून रडलो. आनंदानं. हे सांगून ठेवतो, कारण पुढं मी जे केलं त्याला हे कारण आहे. कारण म्हणा, निमित्त म्हणा.

एकवीस दिवस होते हातात. शेखरला म्हणालो, आता मागं-पुढं पाहू नको. त्यानं सीटा काढल्या, तळाला दोन थर लावले, चाकांच्या वरच्या घुमटीला आतून-बाहेरून लेप दिला, दारांचे रबर बदलले, डॅशबोर्ड उघडून टिकटिक शोधली. तो निघाला दहा नंबरचा पाना, त्याचाच, मागच्या वेळी आत राहिलेला. त्यानं तो खिशात टाकला आणि माफी मागितली नाही. उत्तमराव रोज संध्याकाळी येऊन दार पंधरा वेळा उघडून लावायचे. धप्प. धप्प. "आत बसल्यावर कबरीत बसल्यावानी वाटते," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून निघालेली ती एकमेव अचूक गोष्ट. सारिका म्हणाली, "आता तरी ऐका म्हंजे झालं."

पाचवी खेप. सकाळी आठला निघालो. सिंदखेडराजा गेलं, सिमेंट लागलं, आणि काहीच झालं नाही. खालून चाकं फिरत होती, पण ती दुसऱ्या कोणाच्या गाडीची असावीत तशी. मला माझ्या पोटातली गुडगुड ऐकू येत होती. बाबांच्या मांडीवरची रिपोर्टांची पिशवी हलली की प्लास्टिक वाजायचं. त्यांनी घोट गिळला. तो त्यांच्या गळ्यातून उतरताना किती ठिकाणी अडकला हे मला मोजता आलं असतं.

"अश्वा."

आलं. ऐकू आलं. मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"हाव बाबा," सवयीनं गेलं तोंडातून.

"हाव नको म्हनू. आयक." थांबले. श्वास घेतला. "मले तिथं नेऊ नको. गाडी फिरव. डोणगावले चाल."

डोणगावला महामाया आत्या राहते. त्यांची धाकटी बहीण. जालना पुढं, डोणगाव मागं, आमच्या गावाच्याही पलीकडं.

"तिच्या वसरीत बाज टाकून पडतो. सुई नको आता. लय झालं." त्यांचा वारा मधूनमधून तुटत होता, पण शब्द एकही हरवत नव्हता. शेखरनं काम चोख केलं होतं. "पह्यल्या खेपीपासून सांगून राह्यलो तुले. तू हाव म्हनतं. मले वाटते, पोरगं हाव म्हनलं, आता पुढच्या फाट्यावर फिरवते. म्हून डोये मिटून घेतो मी. डोये उघडले का दवाखाना." परत घोट. "आज फिरवतं का?"

आई नव्हती त्यात. दहावी नव्हती. मी नव्हतोच. बाप मला एवढंच सांगत होता की मला मरायला जाऊ दे, आणि मी मान हलवून 'हाव हाव' करत दर एकवीस दिवसांनी त्याला सुईखाली नेऊन घालत होतो. त्यांनी मला एकदाही खोटारडा म्हटलं नव्हतं. दर खेपेला परत विश्वास ठेवला होता.

मी घाबरणारा माणूस नाही. मुख्याध्यापकाला तोंडावर बोललोय, त्या पोलिसावर अर्ज केलाय, डॉक्टरलाही सुनावलंय. 'हाव' म्हणायला हवं होतं, नाहीतर 'नाई' म्हणायला हवं होतं. ते 'नाई' तर मी त्यांच्याचकडून शिकलो होतो. गाठ लहान होतेय बाबा, आणखी थोडं सोसा, असं तरी म्हणता आलं असतं. डोणगावकडं वळायला पुढं मोठी मोकळी जागा होती. मला दिसत होती.

"काय म्हणले बाबा?" मी म्हणालो. "आवाजात ऐकू नाही आलं."

गाडीत आवाज नव्हता. माझं खोटं त्या गाडीत छताला, दारांना, कुठंही न अडकता सरळ त्यांच्यापर्यंत गेलं. त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. ब्रेक लागत नाहीत असं समजल्यावर ड्रायव्हर जसा रस्त्याकडं पाहतो, तसं.

मग त्यांनी दाराच्या काचेचं हँडल धरलं. सुयांनी निळ्या झालेल्या हातानं सावकाश फिरवत काच तळापर्यंत खाली नेली. सिमेंटची सगळी घरघर एकदम आत आली, पिशवी फडफडली, त्यांचे उरलेले चार केस उडाले. ते बाहेर तोंड करून बसले. मोकळी जागा आली आणि मागं गेली. आता मला खरोखरच काही ऐकू येत नव्हतं.